मापात पाप

२०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या घरच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला होता. पाण्याकाठी गर्दी जमलेली, मधोमध एक माणूस चाकूने मासा चिरतोय, आतून शिशाचा गोळा काढून हात उंच करतोय आणि सगळे जण संतापून ओरडतायत. खाली आत्याने विचारलं, "हे तुमच्याच गावचं ना गं?" आणि काकांनी, "मासे पकडायची कसली आलीय स्पर्धा? आणि त्यात लबाडी केली म्हणून पोलीस?"

हो, आमच्याच गावचं. क्लीव्हलंड, ओहायो. मी इथे एरी सरोवरापासून गाडीने दहा मिनिटांवर राहते. आणि हो, पोलीस, कोर्ट, तुरुंग, सगळं झालं. पण काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर टाइप करण्यासारखं नव्हतं. ते शोधता शोधता मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेले आणि शेवटी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचले. म्हणून हा लेख. जरा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरोवराबद्दल. 'लेक' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रंकाळा नाहीतर पवई येतं. एरी सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळपास सात गोवे मावतील! आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर (म्हणजे आपलं जुनं नगर), तोसुद्धा याच्यापुढे लहान. पलीकडचा काठ कॅनडात, तो इथून दिसत नाही. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा पाण्याकडे बघून म्हणाली, "समुद्रच की गं हा, फक्त खारा वास नाही." मात्र पाच महासरोवरांत एरी सगळ्यात उथळ. सरासरी खोली १९ मीटर, आणि पश्चिमेच्या टोलेडोकडच्या भागात तर जेमतेम सात-साडेसात. उथळ म्हणून उबदार, उबदार म्हणून अन्न भरपूर, आणि अन्न भरपूर म्हणून मासे भरपूर. पाचही सरोवरांतल्या पाण्याचा अगदी थोडा वाटा एरीत आहे, पण मासे मात्र निम्म्याच्या आसपास इथेच असल्याचं सांगतात.

त्या माशांचा राजा वॉलाय. याला मराठी नाव नाही, आणि मी ठेवणार नाही. हिरवट-सोनेरी अंगाचा, दात असलेला शिकारी मासा. डोळ्यांच्या मागे मांजरासारखा परावर्तक पडदा असतो, त्यामुळे अंधारात आणि गढूळ पाण्यात याला छान दिसतं आणि उजेड पडला की डोळे चकाकतात. मांस पांढरं, काटे कमी. रवा लावून तळला तर मालवणच्या माणसालासुद्धा नावं ठेवता येणार नाहीत. (तिरफळं घालून कालवणही करून पाहिलं. ते नको. तळाच.) इथल्या लोकांचं याच्यावर इतकं प्रेम की पोर्ट क्लिंटन नावाच्या गावात ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता फायबरग्लासचा एक भलाथोरला वॉलाय क्रेनने खाली उतरवतात आणि नवीन वर्ष साजरं करतात.

आता स्पर्धा. आमच्या कोकणात गळ टाकून बसण्याला 'गरवणं' म्हणतात. गरवायला जाणं म्हणजे संध्याकाळ घालवायला जाणं, मिळाला मासा तर मिळाला. त्याची स्पर्धा कशी करणार? तर अशी. ठरलेल्या वेळी सगळ्या बोटी एकदम सुटतात. एका बोटीत दोघांची जोडी. दिवसभर कुठेही जा, कितीही मासे पकडा, ठरलेल्या वेळेच्या आत परत या आणि पाच मासे काट्यावर ठेवा. ज्यांच्या पाच माशांचं वजन सगळ्यात जास्त, ते जिंकले. बस्स. सुंदर पकडला, अवघड पकडला, याला मार्क नाहीत. फक्त वजन.

ऐकायला सोपं, पण त्या पाच माशांसाठी ही मंडळी काय काय करतात! वॉलाय हा फिरस्ता मासा. वसंतात पश्चिमेच्या खडकाळ उथळ भागात आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतो, उन्हाळ्यात पाणी तापलं की पूर्वेकडच्या खोल, गार पाण्याकडे सरकतो. आज तो कुठे, किती फुटांवर आणि कोणत्या रंगाच्या आमिषावर आहे, हे ओळखणं हाच खेळ. बोट चालण्याच्या वेगाने पुढे जात असते, दोन्ही बाजूंना दोऱ्या लांब पसरलेल्या, प्रत्येक आमिष वेगळ्या खोलीवर. समोर सोनारचा पडदा. आणि वारा. उथळ असल्यामुळे एरी वाऱ्याने फार पटकन खवळतो.

आमच्या शेजारचे आजोबा (स्टील मिलमधून निवृत्त, सत्तरी ओलांडलेले) हा खेळ अनेक वर्षं खेळले. आमच्या चिरंजीवांना ते कधी कधी बोटीतून नेतात. मासा हातात घेतला की काट्यावर ठेवायच्या आधी वजन सांगतात, आणि पाव पौंडाच्या पलीकडे सहसा चुकत नाहीत. आमच्या मंडईतल्या मावशी वाटा हातात तोलून सांगायच्या ना, अगदी तसंच.

हे हाताने तोलणं लक्षात ठेवा. त्या दिवशी सगळं उघडकीला आलं ते यामुळेच.

३० सप्टेंबर २०२२, शुक्रवार. 'लेक एरी वॉलाय ट्रेल' या मालिकेची त्या वर्षीची अंतिम स्पर्धा. वजनं करायची जागा क्लीव्हलंडचं गॉर्डन पार्क. पहिलं बक्षीस २८,७६० डॉलर. स्पर्धेचे संचालक जेसन फिशर (आडनावच बघा!). एका जोडीचे पाच मासे काट्यावर चढले आणि आकडा आला ३३.९१ पौंड. म्हणजे मासा सरासरी पावणेसात पौंडांचा. आणि फिशरच्या डोळ्यांना ते मासे दिसत होते चारेक पौंडांचे. पाच चोक वीस. वरचे तेरा-चौदा पौंड आले कुठून? गर्दीतही कुजबुज सुरू झाली, कारण तिथे जमलेले सगळे आमच्या आजोबांसारखेच, हजारो वॉलाय हातातून गेलेले. फिशरने माशाचं पोट दाबून पाहिलं. काहीतरी टणक लागलं. त्याने चाकू घेतला.

नंतर सरकारी अधिकाऱ्यांनी पुरावा म्हणून ते मासे ताब्यात घेतले. एकूण दहा शिसं निघाली, आठ बारा-बारा औंसांची आणि दोन आठ-आठ औंसांची. म्हणजे सात पौंड. शिवाय दुसऱ्या वॉलायचे कापलेले तुकडेही पोटात कोंबलेले. व्हिडिओत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. लोक त्या स्पर्धकाच्या अंगावर धावून जायच्या बेतात असताना फिशर स्वतः इतका चिडलेला असूनही त्याला कोणी हात लावू नये म्हणून बजावत होता आणि त्याला तिथून निघून जायला सांगत होता. आपल्याकडे पाकीटमार सापडला की काय होतं ते आठवा.

त्या दोघांची नावं इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी आहेत, इथे नको. मार्च २०२३ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, मे महिन्यात शिक्षा झाली. दहा दिवस तुरुंग, दंड, मासेमारीचा परवाना तीन वर्षं निलंबित, आणि सुमारे लाख डॉलरची बोट जप्त. याच जोडीला आदल्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत बक्षीस नाकारलं गेलं होतं, कारण दोघांपैकी एक जण लाय डिटेक्टरच्या चाचणीत नापास झाला होता.

इथे काका पुन्हा विचारतील. लाय डिटेक्टर? मासे पकडण्यासाठी? हो. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांच्या नियमांत ते कलम असतं. जिंकलात तर यंत्राला बसावं लागेल, असं आधीच सही करून द्यावं लागतं. या यंत्राच्या भरवशावर शास्त्रज्ञांचा फारसा विश्वास नाही. ते नाडी, श्वास आणि घाम मोजतं, खोटेपणा नाही. तरीही ते इथे आहे. क्रिकेट, कुस्ती, बुद्धिबळ... दुसरा कुठला खेळ असा आहे की ज्यात जिंकणाऱ्याला "तू खरंच जिंकलास ना?" असं विचारावं लागतं?

मला याचं उत्तर मिळालं ते इतिहासात.

मासेमारीच्या स्पर्धा सुरू झाल्या त्या काठावर. इंग्लंडात, विशेषतः शेफील्डसारख्या कारखान्यांच्या गावांत, एकोणिसाव्या शतकात कामगारांचे मासेमारी क्लब होते. रविवारी आगगाडीने नदीवर जायचं आणि स्पर्धा लावायची. १९०३ मध्ये तिथल्या क्लबांचा राष्ट्रीय संघ झाला आणि १९०६ मध्ये थेम्स नदीवर पँगबोर्नला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच्याही आधी, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी, म्हणजे ऑलिंपिकच्याच वर्षी, सीन नदीवर सुमारे सहाशे गळवाले एकत्र बसले होते. (त्याला अधिकृत ऑलिंपिक खेळ मानत नाहीत, पण झालं होतं खरं.) १९५२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९५७ पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झालं.

या काठावरच्या स्पर्धेची रीत बघा. काठावर ठरावीक अंतरावर खुंट्या मारलेल्या असतात, त्यांना 'पेग' म्हणतात. सकाळी चिठ्ठ्या काढायच्या, ज्याला जो नंबर येईल तिथे त्याने बसायचं. शिट्टी झाली की सुरुवात, शिट्टी झाली की थांबायचं. पकडलेले मासे पाण्यातच लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचे. शेवटी काटा घेऊन पंचच तुमच्यापाशी येणार, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसमोर वजन करणार आणि मासे परत पाण्यात. आयर्लंडमध्ये लॉक अर्नसारख्या मोठ्या सरोवरांवरसुद्धा काठाकाठाने पेग मांडून अशाच स्पर्धा होतात.

म्हणजे काय, तर प्रत्येकावर शेजाऱ्याची नजर. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक, मागे बघे. मासा बाहेर आला की दहा जणांना दिसतो. इथे लबाडी होत नसेल असं नाही, माणूस आहे, पण खिशातून मासा काढायला जिगर लागेल.

अमेरिकेत पाणी मोठं. माणूस काठ सोडून बोटीत बसला, बोटीला मोटर लागली, आणि पाहता पाहता नजरेच्या बाहेर गेला. तिथल्या मासेमारीच्या 'डर्बी' म्हणजे लबाडीचं आगर अशी त्यांची ख्याती होती. आधीच पकडलेले मासे पिंजऱ्यात घालून सरोवरात कुठेतरी लपवून ठेवायचे आणि स्पर्धेच्या दिवशी जाऊन आणायचे, पोटात शिसं भरायचं, हे सगळं जुनं आहे. २०२२ च्या जोडीने काही नवीन शोध लावला नव्हता.

यातून वाट काढली ती रे स्कॉट नावाच्या माणसाने. अलाबामातल्या मॉन्टगोमरीचा विमा विकणारा माणूस. विमावाल्याला माणसांच्या खरेपणाची किंमत पैशात मोजायची सवय असते, असं मला उगाच वाटतं. जून १९६७ मध्ये त्याने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास या माशाची स्पर्धा भरवली. १३ राज्यांतून १०६ लोक आले, प्रत्येकाकडून १०० डॉलर प्रवेश फी. त्या काळात १०० डॉलर म्हणजे चेष्टा नव्हती. एवढे पैसे लोक भरणार ते खेळ सरळ आहे अशी खात्री असेल तरच. स्कॉटने पुढे या स्पर्धांची जी घडी बसवली तिचं सूत्र साधं होतं. एका बोटीत दोन स्पर्धक, पण मित्र नव्हे. चिठ्ठी टाकून जोडी लावायची, रोज नवीन. दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी आणि दोघं एकमेकांचे साक्षीदार. काठावरचा शेजारी त्याने उचलून बोटीत बसवला!

१९७१ मध्ये त्याने याच्यावर कडी केली. वर्षभरातल्या सर्वोत्तम २४ जणांना त्याने अटलांटाहून विमानात बसवलं, आणि कुठे चाललोय हे सांगितलं नाही. विमान आकाशात गेल्यावर जाहीर केलं, नेवाडातलं लेक मीड. हूवर धरणाचं पाणी, वाळवंटात. आधी जाऊन सराव करायची सोय नाही, मासे लपवून ठेवायची तर नाहीच नाही. सगळ्यांना सारख्या बोटी. सामान जास्तीत जास्त दहा पौंड. आणि स्पर्धकाबरोबर बोटीत एक पत्रकार. तीन दिवसांनंतर आर्कान्साचा बॉबी मरे ४३ पौंड ११ औंस वजन करून जिंकला आणि १०,००० डॉलर घेऊन गेला. दुसऱ्या नंबराला शून्य.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, स्कॉटने मासे मारायचे नाहीत, वजन करून जिवंत सोडायचे, असा प्रघात पाडला. माशांसाठी हे चांगलंच झालं, पण बघा, हिशेबासाठीही चांगलं झालं. जो मासा पोहत निघून जायचा आहे त्याच्या पोटात शिसं भरणं तुलनेने अवघड. एरीवरच्या त्या स्पर्धेत मासे मेलेले होते आणि बोटीतले दोघं एकमेकांचे जोडीदार होते. स्कॉटने लावलेल्या दोन कड्या तिथे नव्हत्याच. राहिला होता फक्त काटा. आणि फिशरचा हात.

रे स्कॉट ८ मे २०२२ ला वारला, एरीवरच्या प्रकरणाच्या पाच महिने आधी.

इथवर आल्यावर मला वाटलं, झाला लेख. जितकं पाणी मोठं तितकी नजर कमी, आणि नजर कमी तितके नियम जास्त. पण आजोबांशी बोलताना एक वाक्य असं आलं की पुढे वाचणं भाग पडलं. त्यांच्या तरुणपणी काही वर्षं एरीतला वॉलाय खाऊ नका असं सांगितलं जायचं, म्हणाले. का? तर पोटात धातू होता म्हणून.

शिसं नव्हे, पारा.

मार्च १९७० ची गोष्ट. नॉर्वाल्ड फिमराइट नावाचा एक नॉर्वेजियन विद्यार्थी कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करत होता. आधी त्याने पक्ष्यांच्या अंगातल्या पाऱ्याचा अभ्यास केला होता, मग माशांकडे वळला. एरीच्या वरच्या अंगाला सेंट क्लेअर नावाचं छोटं सरोवर आहे, त्याचं पाणी डेट्रॉइट नदीतून एरीत येतं. तिथले वॉलाय त्याने तपासून घेतले. कॅनडात तेव्हा पाऱ्याची मर्यादा होती दशलक्ष भागांत अर्धा भाग. त्याच्या माशांत ती कितीतरी पट ओलांडलेली होती. त्याने सरकारला पत्र लिहिलं. काही आठवड्यांत सेंट क्लेअरमधली व्यावसायिक मासेमारी बंद झाली, आणि ओहायोनेही एरीतल्या वॉलायच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी घातली. जपानमधल्या मिनामाताची दुखणी १९५६ पासून जगाला कळत होती. पारा माशातून माणसात जातो आणि मज्जासंस्थेवर घाला घालतो, हे ठाऊक होतं. फक्त इथे तो आहे का, हे कोणी पाहिलं नव्हतं.

पारा आला कुठून? क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांत तेव्हा पाऱ्याचा उपयोग व्हायचा आणि त्यातला काही सांडपाण्याबरोबर नदीत जायचा. वर्षानुवर्षं. पाण्याखाली काय चाललंय ते कोणाला दिसतंय?

त्याआधीच एरीची दशा वाईट होती. २२ जून १९६९ ला क्लीव्हलंडमधून वाहत एरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीला आग लागली. नदीला! पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाने पेट घेतला. अर्ध्या तासात ती विझलीही, आणि कोणाकडे तिचा फोटोसुद्धा नाही. 'टाइम' मासिकाने जो फोटो छापला तो १९५२ च्या आगीचा होता. कारण ही नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती. साबणातल्या फॉस्फरसने शेवाळ माजलं होतं. वर्तमानपत्रं एरी मेलं असं लिहीत होती. १९७१ च्या डॉक्टर स्यूसच्या 'द लोरॅक्स' या मुलांच्या पुस्तकात एरीच्या घाणीवर एक ओळ होती. पुढे ओहायोतल्या दोन संशोधकांनी सरोवर आता सुधारलंय असं त्याला पत्राने कळवलं आणि त्याने ती ओळ काढून टाकली. वॉलायचा एक भाऊबंद, 'ब्लू पाइक', १९५० च्या दशकापर्यंत टनावारी पकडला जायचा. त्या दशकाच्या शेवटी तो संपला. १९८३ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

ओहायो राज्याने पाऱ्यासाठी कंपन्यांवर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मार्च १९७१ मध्ये न्यायालयाने तो ऐकायलाच नकार दिला. कारणं कायद्याची होती. प्रकरण तांत्रिक आहे, पुरावा गुंतागुंतीचा आहे, दोन देशांचा संबंध आहे, आम्ही प्रत्यक्ष खटला चालवायची ही जागा नव्हे. न्यायमूर्ती डग्लस एकटेच विरोधात होते.

मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले. एका खटल्यात माशाच्या पोटात सात पौंड धातू. कोणी घातला ते माहीत, कधी घातला ते माहीत, काढून हातात धरून दाखवता येतो. दहा दिवस तुरुंग आणि बोट जप्त. दुसऱ्या खटल्यात धातू माशाच्या पोटात नाही, मांसात. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, चाकूने निघत नाही. आणि तो एका माशात नाही, सगळ्यांत. म्हणून मामला 'गुंतागुंतीचा'. मापातलं पाप आपल्याला पटकन कळतं, कारण आपल्याकडे काटा असतो. ज्याचं मापच कोणी घेतलं नाही, त्याचं पाप कळणार कसं? स्पर्धेतल्या त्या दोघांची बाजू घेण्याचा इथे अजिबात हेतू नाही, त्यांनी चोरीच केली. मला म्हणायचंय ते एवढंच की फिमराइट आणि फिशर, दोघांनी एकच काम केलं. मासा उघडून बघितला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता. बंदीमुळे व्यावसायिक जाळी थांबली, आणि त्या मोकळ्या वर्षांत वॉलायला श्वास मिळाला. आधीच अति मासेमारीने तो इतका कमी झाला होता की ब्लू पाइकच्याच वाटेवर होता. पाऱ्याने त्याला वाचवलं असं म्हटलं तर ऐकायला विचित्र वाटेल, पण अभ्यासक याला सावरण्याच्या कारणांपैकी एक मानतात. एप्रिल १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाचा पाण्याच्या दर्जाचा करार झाला, त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा आला. सांडपाण्यावर प्रक्रिया आणि साबणातला फॉस्फरस यांवर पैसा आणि वर्षं खर्च झाली. १९७६ पासून दोन्ही देश मिळून किती वॉलाय पकडायचे याचा कोटा ठरवू लागले. ओहायोने व्यावसायिक जाळ्यांना वॉलाय बंदच ठेवला, तो फक्त गळवाल्यांसाठी. १९८० च्या दशकापर्यंत एरी 'जगाची वॉलाय राजधानी' म्हणवून घ्यायला लागलं होतं. २०१५ आणि २०१८ ची वीण तर फारच मोठी होती.

म्हणजे २०२२ च्या त्या शुक्रवारी सगळ्या बोटींना मासे मिळाले, ते मुळात अर्ध्या शतकाच्या मोजमापामुळे. आणि बेईमानी झाली तीही त्याच माशाच्या पोटात. आजोबा त्या जोडीवर चिडले होते ते बक्षिसासाठी नाही. ते तो व्हिडिओ दोनदा पाहू शकले नाहीत.

सगळं गोड झालंय असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये शेतांतून वाहून आलेल्या खतांमुळे एरीच्या पश्चिम भागात विषारी शेवाळ इतकं माजलं की टोलेडोतल्या चार लाखांहून जास्त लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी प्यायला मनाई होती. उकळूनही चालणार नव्हतं. इथून तिथल्या ओळखीच्या मराठी घरांसाठी पाण्याचे कॅन गेले होते. ओहायो राज्य आजही सरोवर-नद्यांतले मासे आठवड्यातून किती वेळा खावेत याचा सल्ला छापतं, आणि त्याचं एक कारण अजूनही पाराच आहे. शेजारून मासे आले की मीही तो तक्ता बघते, विशेषतः मुलांच्या ताटात वाढताना.

दर वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी शास्त्रज्ञ एरीच्या पश्चिम भागात बोटीमागे जाळं ओढत फिरतात आणि त्या वर्षी जन्मलेली वॉलायची पिल्लं मोजतात. बोट-बोटभर पिल्लं. त्यात बक्षीस नाही, गर्दी नाही, व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही. तो आकडा आला की पुढच्या काही वर्षांत गळाला काय लागणार याचा अंदाज येतो.

तर काका, अशी असते मासे पकडायची स्पर्धा. :)

असो. एक विचारायचं होतं. आपल्या गावच्या तळ्यात, खाडीत, धरणात मासे किती आहेत आणि त्यांच्या अंगात काय आहे, हे नियमाने मोजणारं कोणी तुमच्या माहितीत आहे का? कॉलेजातले प्राध्यापक, मच्छीमारांची सोसायटी, एखादा हौशी माणूस, कोणीही. असेल तर खाली जरूर लिहा. मला त्यांच्याबद्दल वाचायचंय.